घरगुती विजेच्या बिलाचा ताळा

खळ्यावरचें भात व्यापाऱ्याच्या काट्यावर चढतें तेव्हां आपण मापाकडे डोळे लावून उभे राहतों. पण घरांत येणाऱ्या विजेचें माप दाखविणारा मीटर भिंतीवर असून महिनोन् महिने कोणी पाहत नाहीं. आंबिवली, मोहने, टिटवाळा या बाजूच्या शेतकरी घरांत पंखा, फ्रिज व पाण्याचा पंप हीं नित्याचीं साधनें झालीं आहेत. तेव्हां महावितरणचें बिल वाचतां येणें खतावणी वाचण्याइतकेंच अगत्याचें आहे.

युनिट म्हणजे काय? हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें कीं एक युनिट खर्च होतें. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज दहा तास फिरविल्यास तीस दिवसांत साडेबावीस युनिटें लागतात. ९ वॅटचा दिवा रोज पांच तास जाळल्यास महिन्यास दीड युनिटहि पुरें होत नाहीं. बिलावर मागील व चालू असे दोन आंकडे असतात. चालूंतून मागील वजा केला कीं वापर निघतो. मागील ४३१० व चालू ४४४० असल्यास १३० युनिटें झालीं.

रक्कम कशी होते? दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. पहिलीं १०० युनिटें एका दरानें, १०१ ते ३०० त्याहून चढ्या दरानें, याप्रमाणें पायऱ्या आहेत. चढा दर त्या त्या पायरीवरील युनिटांसच लागतो, सर्वांस नव्हे. वरील उदाहरणांत तो ३० युनिटांपुरताच आहे. यांत स्थिर आकार, वहन आकार व इंधन समायोजन आकार मिळवून त्यांवर १६ टक्के वीज शुल्क बसतें. घर महिनाभर बंद असलें तरी स्थिर आकार चुकत नाहीं.

खरा घोटाळा येथेंच होतो. मीटर वाचला गेला नाहीं, तर सरासरीनें बिल येतें व पुढें खऱ्या वाचनानंतर फरक मिळवावा लागतो. दोन महिन्यांचीं २६० युनिटें एकाच महिन्याचीं धरलीं, तर १६० युनिटांस चढा दर लागेल. महिनेवार वांटणी केली तर तो ६० युनिटांसच लागतो. म्हणजे शंभर युनिटांचा भुर्दंड विनाकारण पडतो. अशा बिलावर वांटणी झाली आहे कीं नाहीं, हें अवश्य पाहावें.

दुसरी सावधगिरी जोडणीच्या उद्देशाची. घराची वीज दुकानास किंवा शेतपंपाची वीज घरास वापरूं नये. सन २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणें मंजूर उद्देशाबाहेरचा वापर अनधिकृत ठरून त्याची आकारणी दुपटीनें होते.

बिल चुकीचें वाटल्यास गप्प बसूं नये व भरणाहि थांबवूं नये. प्रथम लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घ्यावी. तेथें दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावें. कलम ५६ प्रमाणें वीज तोडण्यापूर्वीं पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वादांतील बिलाची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकीं जी कमी ती हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत वीज तोडतां येत नाहीं.

गॅसचाहि हिशेब याच रीतीचा आहे. नळाचा गॅस घनमीटरांत मोजतात, व दोन वाचनांतील फरक तो वापर. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडराचें वजन त्यावर लिहिलेलें असतें, तें एकूण वजनांतून वजा करून पाहावें.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मीटरचा आंकडा वहींत टिपून ठेवावा, किंवा त्याचें छायाचित्र घ्यावें. ज्याच्या घरीं अशी बारा महिन्यांची नोंद आहे, त्याच्या तक्रारीस वजन येतें. इतरांस केवळ बिल फार आलें एवढेंच म्हणतां येतें.