टर्बोच्या पोटातली राखीव ताकद

इंजिनाला हात लावायचा नाही, एकही नट सैल करायचा नाही. डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला लॅपटॉप जोडायचा, नवा मॅप टाकायचा आणि ११५ पीएसची गाडी १३५-१४० च्या घरात न्यायची. खर्च साधारण पंचवीस ते पन्नास हजार. ट्यूनर हे सांगतो तेव्हा बहुतेक वेळा तो थापा मारत नसतो. टर्बो गाडीत अशी वाढ खरोखर मिळते आणि पहिल्याच फेरीत ती पाठीला जाणवते. पण मग ही ताकद इंजिनात आधीपासून होतीच, तर कंपनीने ती दिली का नाही?

रिमॅपचा सगळा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो, आणि ‘कंपन्या मुद्दाम गाडी दाबून ठेवतात’ हे मित्रमंडळींत चालणारं उत्तर जेमतेम अर्धंच खरं आहे.

साध्या, बिनटर्बोच्या इंजिनात पिस्टन जेवढी हवा ओढेल तेवढीच आत येते. तिथे मॅप बदलून फारसं हाती लागत नाही. टर्बोचं तसं नाही. सायलेन्सरकडे निघालेला गरम धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात कोंबतं. किती कोंबायची हे इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, ठरवतो. बूस्ट किती, पेट्रोल किती, ठिणगी नेमकी केव्हा, आणि एकूण टॉर्क कुठे रोखायचा, याचे तक्ते त्याच्या स्मृतीत असतात. रिमॅप म्हणजे या तक्त्यांतले आकडे बदलणं. आकडे बदलले की जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर.

चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाचं एक लिटरचं टीएसआय इंजिन घ्या. ११५ पीएस आणि १७८ न्यूटन मीटर हे त्याचे कागदावरचे आकडे. २००० आरपीएमला या टॉर्कमधून जेमतेम ५१ पीएस निघतात. तिथेच टॉर्क २३० वर नेला तर ६५ होतात. जाहिरातीत मिरवतात ती वरच्या आरपीएमची कमाल पीएस. खरी मजा मात्र या खालच्या चौदा पीएसची असते, कारण रोजची गाडी आपण दोन-अडीच हजारांतच चालवतो. आंबा घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकल्यावर गिअर न पाडता पुढे निघता येतं ते याच्या जोरावर. हे सुख खोटं नाही, आणि ज्यांनी ते घेतलंय त्यांना वेड्यात काढणारे बहुधा कधी तशा गाडीत बसलेले नसतात.

आता राखीव ताकदीकडे. कंपनी एकच मॅप लिहिते आणि तो हजारो गाड्यांत जातो. त्यातली एखादी गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत चालणार असते, एखादी लडाखला जाणार असते. एखाद्याचा मालक ऑइल बदलायला सहा महिने उशीर करणार असतो, आणि एखादीत आडगावच्या पंपावरचं कसंही पेट्रोल पडणार असतं. हे सगळं सोसूनही वॉरंटीच्या काळात इंजिन उघडावं लागू नये, एवढी फट कंपनी ठेवते. ती फट वापरून टाकली की गाडी लगेच मोडते असं नाही. ती फट कंपनीने ज्या दिवसासाठी राखली होती, तो दिवस उगवला की मात्र मागे आधार उरत नाही.

यात पेट्रोलचा वाटा मोठा. बूस्ट वाढला की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, आणि पेट्रोल ठिणगीच्या मर्जीबाहेर पेटू पाहतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ते रोखण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेनने मोजतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळू लागण्याआधी बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेन पुरायचा. जास्त ऑक्टेनचं, १०० पर्यंतचं महाग पेट्रोल मोठ्या शहरांतल्या निवडक पंपांवर मिळतं. ट्यूनरने ९७ ऑक्टेनवर बेतलेला मॅप पुण्यात झकास चालतो. तीच गाडी दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे गेली आणि टाकीत साधं पेट्रोल पडलं, की नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढू लागतो. म्हणजे पैसे मोजून घेतलेली ताकद सेन्सर परत घेतो, आणि तो वेळेत धावला नाही तर पिस्टनवर येतं. लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत आणखी एक धोका आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर पाय दाबला की ठिणगीच्या आधीच मिश्रण भडकू शकतं. हा झटका नॉकिंगपेक्षा कितीतरी जोरकस असतो आणि त्याने पिस्टनच्या कडा तुटतात. गिअर न पाडता ट्रॉलीच्या पुढे निघण्याचं जे सुख वर सांगितलं, ते नेमकं याच टापूतलं आहे.

इथेनॉलमुळे हिशेब आणखी गुंतला आहे. २० टक्के मिश्रणाने ऑक्टेन वाढतो ही ट्यूनरच्या सोयीची गोष्ट. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून तेवढ्याच कामासाठी इंजेक्टरला जास्त इंधन सोडावं लागतं. इथेनॉल बाजारात येण्याआधी किंवा परदेशात लिहिलेला मॅप आपल्या गाडीत टाकला तर इंजेक्टरची शिल्लक आधीच किती खर्ची पडली आहे, हे विचारायला हवं. हा प्रश्न विचारल्यावर ट्यूनर गोंधळला, तर तिथून उठावं.

हवेचंही तसंच. पंधरा अंशांच्या तुलनेत पंचेचाळीस अंशांची हवा जवळपास दहा टक्के विरळ असते, आणि इंटरकूलर तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पाच हजार मीटरच्या वर, लडाखच्या खिंडींत, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथे नेहमीचा बूस्ट द्यायचा तर टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. कंपनीच्या मॅपमध्ये त्या वेगाला लगाम असतो. घाईत लिहिलेल्या मॅपमध्ये तो असेलच असं नाही.

इंजिनाबद्दल सगळे बोलतात, गिअरबॉक्सचं नाव क्वचित निघतं. बिल मात्र तिथेच मोठं येतं. फोक्सवॅगन गटाचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, डीक्यू२००, सुमारे २५० न्यूटन मीटरसाठी बनवलेला आहे. जुन्या पोलो जीटी टीएसआयचं १.२ लिटर इंजिन १७५ न्यूटन मीटरचं होतं. म्हणजे वर ७५ ची मोकळी जागा, आणि म्हणून ती गाडी रिमॅपवाल्यांची लाडकी झाली. आजच्या व्हर्टस जीटीचं १.५ टीएसआय इंजिन कारखान्यातूनच २५० देतं आणि त्याच डीएसजीला जोडलेलं आहे. तिथे मोकळी जागा शून्य. ऑक्टेव्हियाचं १.८ टीएसआय भारतात याच डीएसजीसोबत १८० पीएस असूनही टॉर्कला २५० वरच थांबायचं. परदेशात त्याच इंजिनाला दुसऱ्या गिअरबॉक्ससोबत ३२० मिळत होता. कंपनीने ताकद का दाबली, याचं उत्तर इथे इंजिनात नसून गिअरबॉक्समध्ये आहे. मॅन्युअल गाडीत पहिला बळी क्लच प्लेटचा. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आरपीएम चढतो आणि वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरायला लागला असं समजावं.

‘तेच इंजिन, फक्त मॅप वेगळा’ हे वाक्यही तपासून घ्यायला हवं. एकेकाळी देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणून चेष्टेने ओळखलं गेलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट ७५ आणि ९० पीएस अशा दोन रूपांत मिळायचं. दोन्हींत टर्बोच वेगळा होता. थोरल्यात पात्यांचा कोन बदलणारा, धाकट्यात स्थिर. महिंद्राच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोलचे ११० आणि १३० पीएस हे दोन अवतारही इंजेक्शनच्या पद्धतीपासून वेगळे आहेत. उलट बाजूचं उदाहरणही आहे. व्होल्वो परदेशात पोलस्टार नावाने स्वतःच गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलून द्यायची आणि वॉरंटीही कायम ठेवायची. तिथे खरोखर जागा होती. पण वाढ माफक होती, आणि हा माफकपणा बोलका आहे.

डिझेलवाल्यांना मायलेजचं आमिष दाखवलं जातं. पाय हलका असेल तर थोडा फरक पडतोही. पण स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स रेल प्रेशर सेन्सरला फसवून चालतो. प्रत्यक्षात किती डिझेल गेलं हे ईसीयूला कळतच नाही, आणि डॅशबोर्डवरचा अ‍ॅव्हरेज गोड दिसतो. टाकी फुल करून हाताने हिशेब केल्याशिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. धूर स्वच्छ ठेवणारी यंत्रणा मोडणं, म्हणजे ईजीआर बंद करणं, डीपीएफ काढून टाकणं, हे तर मी ट्यूनिंगमध्ये धरतच नाही. तो मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर काळा धूर सोडायचा उद्योग आहे.

कायद्याची बाजू लोक हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. नाक्यावर कुणी लॅपटॉप जोडून पाहत नाही हे खरंच. पीयूसीतही गाडी पास होते, कारण तिथे पेट्रोलचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात आणि डिझेलचा धूर. नायट्रोजन ऑक्साइडकडे कुणी बघत नाही. गाठ पडते ती विम्याच्या सर्व्हेयरशी. मोठ्या अपघातानंतर न कळवलेला बदल निघाला की दावा नाकारायला किंवा कापायला कारण मिळतं. सर्व्हिस सेंटरचंही तसंच. ‘जाताना मूळ फाइल टाकून देतो’ हे आश्वासन पुरेसं नाही, कारण बऱ्याच ईसीयूंत किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद राहते.

वॉरंटीतली गाडी, ड्राय क्लच डीएसजीवरची १.५, किंवा घरातली एकमेव गाडी असेल तर माझ्या मते हा विषय तिथेच बंद करावा. पंचवीस-पन्नास हजारांत चांगले टायर, ब्रेक पॅड आणि वेळेवरचं ऑइल येतं, आणि घाटात त्याचा उपयोग वीस पीएसपेक्षा जास्त होतो. वॉरंटी संपलेली, धडधाकट, गिअरबॉक्समध्ये जागा असलेली गाडी आणि क्लचचा खर्च हसत सोसणारा मालक, एवढं जमत असेल तर मी अडवणार नाही. फक्त डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा चकचकीत कागद बघून पैसे देऊ नयेत. तो पंखा लावून, गारव्यात, चांगल्या पेट्रोलवर काढलेला असतो. साधं पेट्रोल भरून, मे महिन्यातल्या दुपारी, चौघांना बसवून तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढावा, आणि ट्यूनरकडून त्या चढणीचा लॉग मागावा: बूस्ट किती मागितला, किती मिळाला, आत जाणारी हवा किती तापली आणि प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती अंश मागे ओढली गेली.