संपादक व्हायचे आहे? कार्ड नको, प्रूफ हाती घ्या

मागच्या महिन्यात एक भगिनी आमच्या कचेरीत आल्या. चार घरची धुणीभांडी करून मुलाला बी. ए. केलेले. त्याला संपादक व्हायचे आहे. त्याच्या गळ्यात निळ्या फितीचे 'प्रेस' लिहिलेले कार्ड होते. त्यासाठी मायने पाच हजार रुपये मोजले होते. "दादा, आता याला नोकरी कुठं लागंल?" काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना.

तेव्हा मूळ गोष्ट सांगतो. अशा विकत घेतलेल्या कार्डाला काडीची किंमत नाही. सरकारची खरी अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाकडून, समितीच्या शिफारशीने, अनुभवी कामकरी पत्रकारांना मिळते. मंत्रालयात प्रवेश, एसटीची सवलत यासाठी ती उपयोगी. पण ती सोय आहे, पदवी नव्हे. संपादकाला परवाना देणारे मंडळ आपल्या देशात नाही. १८६७ चा छापखान्यांचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला, तोही संपादकाकडे पदवी मागत नाही.

पदवी नको म्हणजे शिक्षण नको असे मात्र कोणी समजू नये. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. पुढे 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांनी एकट्याने लिहिले.

आणि वसंत मून. नागपूरच्या वस्तीत वाढलेला, महसूल खात्यात नोकरी केलेला हा माणूस बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांचा संपादक झाला. पहिला खंड १९७९ साली महाराष्ट्र शासनाने काढला. बाबासाहेबांच्या मागे राहिलेली हस्तलिखिते आणि टंकलिखिते लावायची, कोणते पान कोणत्या प्रकरणाचे ते ठरवायचे, आणि जिथे पाने मिळाली नाहीत तिथे पदरचे काही न घालता 'मिळाली नाहीत' असे स्पष्ट नोंदवायचे, हे ते काम. आज घराघरात ते खंड आहेत, पण संपादकाची टीप वाचणारे थोडे. मुलांना ती मुद्दाम वाचायला द्या. मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथनही द्या.

आता शिकायचे कुठे? पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा, रानडे इन्स्टिट्यूट नावाने ओळखला जाणारा पत्रकारिता विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पुस्तकांच्या बाजूला जायचे असेल तर दिल्लीच्या नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशनाचे प्रशिक्षणवर्ग घेतलेले आहेत. प्रवेशाआधी चालू वर्षाचे माहितीपत्रक पाहा, आणि भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का हे फी भरण्यापूर्वी विचारा, नंतर नव्हे.

विज्ञानाचे पदवीधर आणि इंग्रजी चांगले असलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. शास्त्रीय लेखांचे संपादन करणाऱ्यांची परीक्षा घेणारे 'बोर्ड ऑफ एडिटर्स इन द लाइफ सायन्सेस' हे मंडळ अमेरिकेत १९९१ साली स्थापन झाले. पदवी आणि कामाचा अनुभव असेल तरच परीक्षेला बसता येते. म्हणजे तिथेही आधी काम, मग प्रमाणपत्र.

मराठीसाठी तर प्रूफ हीच शाळा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम वहीत उतरवून घ्यावेत. मुद्रितशोधनाच्या खुणा शिकाव्यात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार पळतात, जोडाक्षरे तुटतात. ते पकडणारा डोळा कोणत्याही छापखान्याला हवा असतो. आमच्या अंकातही चुका राहतात, वाचक पत्राने कान धरतात, ते बरेच आहे.

तो मुलगा आता दर शनिवारी आमच्याकडे येऊन बसतो. पहिल्या दिवशी एका पानात त्याला तीन चुका सापडल्या, त्याच पानावर आम्हाला अकरा. गेल्या शनिवारी त्याने आमच्याच अग्रलेखातली एक काढून दाखवली. कार्डाच्या पैशांसाठी मायलेकांनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पाच हजार अजून परत आलेले नाहीत.