कॅप चढवण्यापूर्वी: दंतरोपणाच्या स्थैर्याचे मापन

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, रोवून त्यावर कृत्रिम दात उभारणे हा दंतवैद्यकाचा भाग असून, त्या स्क्रूवर कायमची कॅप नेमकी कधी चढवावी, हा त्यातील कळीचा निर्णय असतो.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे हा उपचार प्रथम रुग्णावर केला. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन-चार महिने आणि विरळ हाडाच्या वरच्या जबड्यासाठी सुमारे सहा महिने थांबावे लागे. इम्प्लांट रोवताच मिळणारी पकड केवळ यांत्रिक असते व तिला प्राथमिक स्थैर्य म्हणतात. पुढे लगतचे जुने हाड शोषले जाऊन नवे हाड टायटॅनियमला भिडते, तेव्हा येते ते दुय्यम स्थैर्य होय. पहिले ओसरत असताना दुसरे पुरते आलेले नसल्याने साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकूण पकड खालावू शकते.

ही पकड जोखण्यासाठी पूर्वापार तोंडात घालायच्या आरशाच्या दांड्याने इम्प्लांटवर हलकेच ठोकून आवाज खणखणीत येतो की बद्द, हे ऐकले जाते. मात्र ही परीक्षा ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. नील मेरेडिथ व सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडलेल्या अनुनाद-वारंवारता पद्धतीने तिला आकडा दिला. आजच्या उपकरणात इम्प्लांटवर चुंबक असलेली छोटी खुंटी हातानेच घट्ट बसवतात, स्पर्श न करता चुंबकीय स्पंदांनी ती कंपित करतात आणि कंपनांच्या वारंवारतेवरून 1 ते 100 या पट्टीवरचा ‘आयएसक्यू’ अंक काढतात. गाल-जीभ आणि शेजारचे दात अशा दोन्ही दिशांनी तो घेतला जातो, कारण हाडाचा आधार सर्व बाजूंनी सारखा नसतो.

सर्वसाधारणपणे 70 च्या वरचा अंक भक्कम, तर 60 च्या खालचा कमकुवत मानतात. तथापि हा अंक इम्प्लांटचा ताठपणा सांगतो, हाड किती जुळले हे थेट सांगत नाही. म्हणून वेदना, सूज आणि एक्स-रेमधील हाडाची पातळी त्याच्यासोबतच पाहावी लागते. रोवण्याच्या दिवशीचा अंक केसपेपरवर नोंदलेला असेल, तर कॅपपूर्वीचा अंक चढला की उतरला हे कळते, आणि उतरता अंक दिसल्यास कॅप लांबणीवर टाकून काही आठवड्यांनी पुन्हा मापन करणे श्रेयस्कर ठरते.