तरंगती घरे

भूमी ही मोजकी असते आणि माणसे मोजकी राहत नाहीत. बेटावर ही अडचण नित्याची होऊन बसते, कारण तेथे गावाच्या वेशीपलीकडे समुद्रच सुरू होतो. मालदीवची राजधानी माले हे या अडचणीचे ठळक उदाहरण आहे. अवघ्या सुमारे दोन चौरस किलोमीटरच्या या बेटावर एक लाखाहून अधिक लोक राहतात. 2022 च्या जनगणनेनुसार देशाची एकूण लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती, आणि तिच्यातील दर दहांपैकी चार माणसे माले आणि तिला जोडलेल्या बेटांवर एकवटलेली होती. शाळा, रुग्णालय, कचेरी आणि नोकरी जेथे, तेथे माणूस जाणारच.

दाटीला पाण्याच्या भयाचीही जोड आहे. मालदीवमधील सुमारे बाराशे प्रवाळबेटांची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास आहे. 1987 च्या एप्रिलमध्ये मोठ्या लाटा माले शहरात शिरल्या, आणि त्यानंतर जपानच्या साहाय्याने शहराभोवती संरक्षक भिंत उभारण्यात आली. 26 डिसेंबर 2004 च्या सुनामीने कंधोलुधू या दाट वस्तीच्या बेटाची इतकी हानी केली, की तेथील रहिवाशांना ते कायमचे सोडून दुवाफारू या दुसऱ्या बेटावर नवे गाव वसवावे लागले. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटीमीटरांनी वाढली. डोंगराळ देशाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. दीड मीटर उंचीच्या बेटाला तो तसा वाटणार नाही.

अशा ठिकाणी घर बांधण्याचे तीन रूढ मार्ग आहेत. इमारती उंच करणे हा पहिला; माले येथे तो अवलंबून झाला आहे. दुसरा मार्ग भर घालून जमीन निर्माण करण्याचा. सात बेटे जोडून झालेल्या मुंबईच्या रहिवाशाला तो वेगळा सांगावयास नको. मालेशेजारी 1997 पासून भर घालून हुलहुमाले हे बेट घडविण्यात आले, 2004 मध्ये तेथे वस्ती सुरू झाली, आणि 2018 मध्ये माले शहर पुलाने तिकडे जोडले गेले. परंतु भर घालावयाची म्हणजे समुद्रतळाची वाळू उपसावी लागते, आणि उपशाने उठलेला गाळ प्रवाळावर बसतो. प्रवाळांची रांग हाच बेटाचा नैसर्गिक बांध. तो दुबळा करून जमीन मिळवणे हा महागडा व्यवहार आहे. तिसरा मार्ग स्थलांतराचा, आणि तो कोणालाही सुखाचा नसतो. म्हणून चौथा विचार पुढे आला, तो घरच पाण्यावर तरंगत ठेवण्याचा.

हा विचार भारतीयांना परका नाही. काश्मीरमधील दल सरोवरात देवदाराच्या लाकडाच्या निवासी नौका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मणिपूरच्या लोकताक सरोवरात तरंगत्या वनस्पतींच्या जाड थरांवर कोळ्यांच्या झोपड्या उभ्या राहत आल्या आहेत. नवे आहे ते इतकेच, की हजारो माणसांची पक्की वस्ती, नळ, वीज आणि रस्ते यांसह, अशा रीतीने वसवता येईल काय, हा प्रश्न.

तरंगण्याचे शास्त्र आर्किमिडीजच्या काळापासून ज्ञात आहे. वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तेवढीच बुडते. काँक्रीट पाण्याहून जवळजवळ अडीचपट जड; तरीही काँक्रीटची पोकळ पेटी तरंगते, कारण पेटीच्या आतील हवाही जागा व्यापते. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि काही अधिक दीड मीटर खोल अशी पेटी घ्यावी. तळ आणि भिंती 20 सेंटीमीटर जाडीच्या धरल्या, तर तिचे वजन सुमारे 77 टन भरते आणि ती खाऱ्या पाण्यात पाऊण मीटर बुडते. तिच्यावर हलक्या बांधणीचे 43 टनांचे घर उभारले, तर सर्व मिळून सुमारे 1.17 मीटर बुडेल, आणि काठ पाण्याच्या वर राहील. यानंतर घरात येणारा प्रत्येक टन त्यास एक सेंटीमीटर खाली नेतो. दहा पाहुणे जेवावयास आले, तर घर सहा-सात मिलिमीटर खाली बसेल. यजमानाला ते कळणारही नाही.

बुडण्यापेक्षा कलण्याची चिंता अधिक. याच घरात एक टन सामान मध्यापासून चार मीटर दूर, एकाच भिंतीशी रचले, तर त्या बाजूची कड तीनेक सेंटीमीटर खाली जाईल आणि समोरची तितकीच वर येईल. जमिनीवरून गोटी घरंगळण्यास एवढा उतार पुरेसा आहे. म्हणून तळ रुंद ठेवतात, जड वस्तू खाली ठेवतात, आणि तोल राखण्यासाठी पेटीत योग्य जागी भार घालतात. पेटी निम्म्या रुंदीची आणि दुप्पट लांबीची केली, तर क्षेत्रफळ तेच राहते, पण आडव्या कलण्याला होणारा विरोध फार घटतो.

घर वाहून जाऊ नये, म्हणून ते तळात रोवलेल्या खांबांना कड्यांनी अडकवतात. भरती-ओहोटीबरोबर ते खांबांवरून वरखाली सरकते. हॉलंडमधील मासबोमेल येथे 2005 च्या सुमारास नदीकाठी बांधलेली काही घरे एरवी जमिनीवर टेकलेली असतात. पूर आला, की साडेपाच मीटरपर्यंत वर उचलली जाऊ शकतात. अॅम्स्टरडॅमच्या आयबुर्ख भागातील तरंगती घरे कारखान्यात बांधून कालव्यांतून ओढत आणली गेली. वाटेतील जलद्वारांच्या रुंदीवरून घरांची रुंदी ठरली.

शांत कालवा आणि खुला समुद्र यांत मात्र अंतर आहे. नायजेरियातील लेगॉस शहराच्या माकोको या पाणवस्तीत 2013 मध्ये लाकूड, बांबू आणि प्लॅस्टिकची पिंपे यांची तरंगती शाळा उभारण्यात आली. तिची जगभर वाखाणणी झाली, आणि जून 2016 मधील मुसळधार पावसात ती कोसळली. जीवितहानी झाली नाही, परंतु हलकी रचना वाऱ्यापावसाला किती काळ तोंड देईल आणि तिची निगा कोण राखील, हे प्रश्न आरंभीच सोडवावे लागतात, हा धडा मिळाला.

मालदीवने प्रवाळकड्याने वेढलेले उथळ खाजण यासाठी निवडले, याचे कारण हेच. कड्यावर लाटा फुटतात आणि आतील पाणी निवते. डच वास्तुकार कून ओल्टहाउस यांच्या संस्थेने आखलेल्या योजनेत मालेपासून नौकेने दहा मिनिटांच्या अंतरावर, सुमारे 200 हेक्टरांच्या खाजणात पाच हजार तरंगत्या वास्तू आणि वीस हजार रहिवासी कल्पिलेले होते. जून 2022 मध्ये तिचे पहिले नमुने दाखविण्यात आले.

घर तरंगले म्हणजे संसार तरंगला असे नव्हे. पाणी, वीज आणि मैला यांच्या नळ्या लवचीक हव्यात, नाही तर पहिल्याच भरतीला त्या तुटतील. गोडे पाणी हा तर बेटाचा प्राण. 2014 च्या डिसेंबरमध्ये मालेच्या क्षारनिर्मूलन केंद्राला आग लागली, तेव्हा भारताने विमाने आणि जहाजे यांतून पिण्याचे पाणी पोहोचविले. घरांची सावली पडून खालच्या प्रवाळांना ऊन मिळेनासे होऊ नये, म्हणून घरांमध्ये अंतर सोडावे लागते; दाटीतून सुटण्यासाठी काढलेली वस्ती अशा रीतीने आपोआपच फार दाट करता येत नाही.

आणि अखेरीस प्रश्न येतो तो हिशेबाचा व कायद्याचा. तरंगते घर ही मिळकत समजावी की नौका? त्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी? त्यावर कर्ज कोण देईल, वारसा कसा चालेल? मालदीवच्या योजनेत लहान घराची किंमत दीड लाख अमेरिकी डॉलरपासून सुरू होत असल्याचे 2022 मध्ये जाहीर झाले होते. मालेतील एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कोळ्याला वा कारकुनाला ही रक्कम आवाक्यातील नव्हे. परदेशी खरेदीदारांच्या पैशावर योजना उभी राहील हे खरे. परंतु मूळची गर्दी त्यामुळे कमी होणार नाही.

हा विषय केवळ शेजाऱ्याचाही नाही. लक्षद्वीपमध्ये 2011 च्या जनगणनेच्या वेळी 32 चौरस किलोमीटर भूमीवर 64 हजारांवर माणसे राहत होती, आणि त्यांपैकी मिनिकॉयच्या बेटावर मालदीवचीच भाषा बोलली जाते. घर पाण्यावर कसे तरंगावे, याचे उत्तर अभियंत्यांच्या हाती आलेले आहे. ते कोणासाठी तरंगावे, हे मात्र राज्यकर्त्यांनी आणि समाजाने ठरवावयाचे आहे. ज्याच्या अंगणात आधी पाणी येते, त्याला त्या घरात पहिली जागा मिळाली, तरच एवढ्या खटाटोपाचे सार्थक होईल.