काळा धूप

कोकणातल्या आचऱ्याच्या सड्यावर किंवा खाडीकाठी धुपाचं झाड शोधू नये. किनाऱ्यावर भेटेल ते उंडीचं झाड. धूप हवा तर सह्याद्रीच्या कुशीत, आंबोली-तिलारीकडच्या दमट सदाहरित रानात जायला हवं. शास्त्रीय नाव कॅनेरियम स्ट्रिक्टम. कोवळ्या झाडाची नवी पालवी इतकी लालभडक असते की हिरव्या रानात ती लांबूनही ओळखू येते.

गुग्गुळ, साळई आणि बाळंतिणीला देतात तो हिराबोळ, ही सगळी याच कुळातल्या झाडांची देणगी. खोडाला जखम झाली की झाड चिकट राळ सोडतं. तिच्यातली उडून जाणारी तेलं गेली की ती घट्ट, काळीभोर, चकचकीत होते आणि किडींना, बुरशीला वाट बंद होते. झाडाचं हे स्वतःचं मलम. माणसाने ते निखाऱ्यावर टाकलं, व्हार्निशात घातलं. सांधेदुखी, दमा, त्वचारोग यांवर परंपरेने वापरलं. बाजारात नुसती ‘राळ’ मागितली तर मात्र बहुधा साल वृक्षाची मिळते.

जास्त राळ मिळावी म्हणून खोल घाव घालून बुंध्याशी आग लावतात. त्याने झाड खंगतं, कधी मरतंही. ही निव्वळ हाव आहे. धनेश पक्षी याची फळं गिळतात आणि कठीण बिया दूरवर टाकतात. त्यामुळे मोठे वृक्ष गेले की धनेशाचं खाणंही कमी होतं आणि नवी रोपंही.