शून्य रोधाचा जमाखर्च

इ.स. १९११ मध्ये लायडन येथील प्रयोगशाळेत, निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम चार अंशांवर आणलेल्या पाऱ्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा झालेला कामरलिंग ओनेस यांच्या नजरेस आला, तेव्हापासून काडीचीही तोशीस न लागता वीज वाहून नेणाऱ्या तारेचे स्वप्न शास्त्रज्ञांच्या मनात घर करून बसले. स्वप्न खोटे नव्हते. अट एवढीच होती की, प्रवाह स्थिर असावा.

चुंबकीय क्षेत्र वाढू वा घटू लागले की जवळच्या धातूत प्रवाहांचे भोवरे उठतात. रोहित्राचा गाभा अखंड लोखंडाचा न घडविता पातळ पत्र्यांच्या चळतीचा करतात, तो याच भोवऱ्यांची वाट अडविण्यासाठी. जिनिव्हाजवळील लार्ज हेड्रॉन कोलायडर या यंत्रात पंधरा मीटर लांबीचे १२३२ द्विध्रुव चुंबक आहेत आणि त्यांचे क्षेत्र पूर्ण ८.३३ टेस्लापर्यंत चढविण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीतही त्यांच्या अतिसंवाहक, म्हणजे थंडीत रोध हरपणाऱ्या, केबलला या भोवऱ्यांपासून सुटका नाही.

नायोबियम-टायटेनियमचे सहा-सात मायक्रॉन जाडीचे हजारो तंतू तांब्यात रुतवून एकेक तार ओढतात, तिला पीळ देतात, आणि अशा २८ किंवा ३६ तारा दोरखंडाच्या पेडांप्रमाणे वळून, दाबून, चपटी केबल सिद्ध करतात. हा पीळ मजबुतीसाठी नव्हे. दोन तारांच्या मधून बदलते क्षेत्र गेले की त्या दोहोंचे मिळून एक वेटोळे होते. पीळ जितका आखूड, तितके ते वेटोळे लहान. त्यात फिरणारा प्रवाह अतिसंवाहक तंतूंतून निर्विघ्न धावतो, पण एका तारेवरून दुसरीवर जाताना त्याला साध्या धातूतून वाट काढावी लागते आणि तेथे तो उष्णता टाकून जातो. या चुंबकांच्या उणे २७१ अंश सेल्सिअस तापमानावरील एक वॅट उष्णता बाहेर काढण्यासाठी शीतकयंत्राला शेकडो वॅट खर्ची घालावे लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या क्षुल्लक उबेचा एवढा धसका का, ते कळते.

मग तारांवर सरळ रोधक लेप का चढवू नये? कारण एखाद्या तारेत क्षणभर अतिसंवाहकता हरपली, तर तिचा भार शेजारणींनी उचलण्याची मुभा राहिली पाहिजे. म्हणून तारांवर कथिल-चांदीचा मुलामा देऊन, केबल हवेत तापवून, ऑक्साइडचा असा थर आणतात की, दोन तारांमधील रोध ओहमच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास राहावा. शून्याच्या मागे लागलेल्यांना रोध असा गुंजेने मोजून पेरावा लागला, याची मला मोठी मौज वाटते.

याच कोलायडरच्या पुढील सुधारणेसाठी सिद्ध केलेल्या नायोबियम-कथिल केबलमध्ये तर तारांच्या दोन थरांच्या मधोमध गंजरोधक पोलादाची २५ मायक्रॉन जाडीची पट्टी सरकवली आहे: वरची तार खालच्या तारेपासून तुटते, पण लगतच्या तारेचा शेजार कायम राहतो.