मधमाशीचा व्यवहार आणि खेड्यातील प्रतिभा

मधमाशी फुलातील मकरंद घेऊन जाते, परंतु तेवढ्याने फूल दरिद्री होत नाही. उलट त्याचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचतात. हाच दृष्टान्त प्रमाण मानून अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्राध्यापक अनिल गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी जी चळवळ उभारली, त्या ‘हनी बी नेटवर्क’चा दंडक असा की, शेतकऱ्याकडून वा कारागिराकडून मिळालेले ज्ञान त्याच्या नावानिशी दप्तरी नोंदावे, लोकांच्या भाषेत लोकांकडे परत न्यावे, आणि त्यातून उत्पन्न झालेच तर त्याचा रास्त हिस्सा मूळ धन्यास पोचता करावा.

१९९३ साली ‘सृष्टी’ ही संस्था, १९९८ पासून गावोगाव पायी हिंडणाऱ्या शोधयात्रा आणि २००० साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान, अशा क्रमाने हे जाळे विणले गेले.

त्याची आवश्यकता आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांच्या चरित्रावरून ध्यानी येते. शेतात निराळ्या दिसलेल्या मोजक्या लोंब्या वेगळ्या राखून, हंगामामागून हंगाम निवड करीत या अल्पभूधारकाने ‘एचएमटी’ हा भाताचा वाण सिद्ध केला. मनगटी घड्याळावरून नाव पडलेले ते बियाणे दूरवर पसरले, प्रतिष्ठानाने २००५ साली त्यांचा गौरवही केला, तथापि संपन्नता त्यांच्या वाट्यास आली नाही.

प्रतिभा खेड्यात मुबलक आहे; वानवा आहे ती तिची नोंद ठेवून तिला भांडवल आणि बाजार मिळवून देणाऱ्या माणसांची. आपल्या गावी असा कोणी कल्पक असेल, तर त्याची हकीकत अवश्य लिहून ठेवा.